हत्यारांचा सोस

आमच्या वस्त्यांतून अलीकडे एक नवा छंद शिरला आहे आणि तो बहुतेक पुरुषमंडळींचा आहे. निवृत्त झालेले, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, कचेरीत खुर्चीवर बसून कंटाळलेले आपले बंधू वेल्डिंग करू लागले आहेत. पोटासाठी नव्हे, हौस म्हणून. इन्व्हर्टरचे लहान यंत्र आता पाच-सात हजार रुपयांत मिळते, पट्ट्याने खांद्याला अडकवून नेता येते, घरच्या विजेवर चालते. मग कुंड्यांचा स्टँड होतो, मोडक्या फाटकाचा बिजागर जोडला जातो, बाबासाहेबांच्या तसबिरीसाठी चौकट तयार होते. छंद चांगला आहे. पत्त्यांच्या अड्ड्यापेक्षा तर कितीतरी चांगला. परंतु या छंदाच्या पाठीला दुसरा एक छंद चिकटून येतो, आणि आमच्या भगिनींची तक्रार आहे ती त्या दुसऱ्याविषयी. तो म्हणजे हत्यारे जमवण्याचा.

तो कसा वाढतो ते पाहण्यासारखे आहे. यंत्राबरोबर आलेला मुखवटा एका हाताने धरावा लागतो, म्हणून डोक्यावर बसणारा हवा. तो आला की मान झटकून खाली पाडावा लागतो, म्हणून ठिणगी पडताच आपोआप काळा होणारा हवा. दोन तुकडे काटकोनात धरायला चुंबकी गुण्या हवा. तो एका मापाचा पुरत नाही, चार मापांचा संच हवा. सी क्लॅम्प दोन होते ते सहा झाले, सहाचे बारा. चार इंची ग्राइंडर होता, त्याच्या जोडीला पाच इंची आला, कारण एकावर कापायची चक्ती आणि दुसऱ्यावर घासायची ठेवली म्हणजे बदलत बसावे लागत नाही. बदलायला लागतो अर्धा मिनिट! त्यानंतर गडी मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जाऊ लागतो. सुटीच्या दिवशी पुण्याच्या जुन्या बाजारात सापडतो. आणि आता तर जावेही लागत नाही. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर बोट फिरवले की तिसऱ्या दिवशी खोके दारात. माळा भरतो, पलंगाखालची जागा भरते. आणि कुंड्यांचा स्टँड अजून तीन पायांवर उभा असतो.

या बंधूंना हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. त्याला कारण आहे.

गावगाड्यात हत्यार हे जातीला बांधलेले होते. ऐरण लोहाराची, रंधा सुताराचा. आपल्या वाट्याला काठी आली, लाकडे फोडायची कुऱ्हाड आली आणि मेलेले ढोर ओढायचा दोर आला. गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत आलो तर तिथेही हत्यार आडवे आले. कापड विणण्याच्या खात्यात मजुरी जास्त मिळे. पण तिथे धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावायचा, असे म्हणून सवर्ण कामगारांनी त्या खात्याचे दार आपल्याला बंद ठेवले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला तो एवढ्यासाठीच. पुढे १९४२ साली, मजूर खात्याचे मंत्री म्हणून व्हाइसरॉयच्या मंडळात गेल्यावर, त्यांनी सरकारला जे निवेदन दिले त्यातही आपल्या मुलांच्या तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. म्हणजे चांगले हत्यार आपल्या हाती यावे, यासाठी लढाई द्यावी लागली आहे. नंतरच्या पिढीत आपली किती मुले आयटीआयमधून वेल्डर, फिटर, टर्नर होऊन बाहेर पडली, रेल्वेच्या वर्कशॉपात आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत लागली, ते वाचकांना सांगायला नको. बहुतेक घरांत असा एखादा काका किंवा मामा असतोच.

तेव्हा ज्याच्या आजोबांना हत्यार मिळाले तेही मालकाचे, त्या माणसाला आपल्या मालकीच्या पान्ह्यांचा संच भिंतीवर ओळीने लावावासा वाटला तर त्यात नुसती हौस नसते. त्यात मान असतो. हे भगिनींनी समजून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. परंतु बंधूंनीही एक गोष्ट समजून घ्यावी. मान हत्यार विकत घेतल्याने मिळत नाही, ते चालवता आल्याने मिळतो. त्या गिरणीतल्या विणकराला धोट्याचे कपाट नको होते, त्याला मागावर उभे राहायचे होते.

आता थोडे कामाविषयी. नवशिक्याचे वेल्डिंग बिघडते ते हत्यारावाचून क्वचितच बिघडते. जोडायच्या लोखंडावर गंज, रंग किंवा तेल राहिलेले असते. रॉड पावसाळ्यात उघडे ठेवल्याने दमट झालेले असतात. रॉडचे टोक लोखंडापासून फार लांब धरलेले असते. ते रॉडच्या जाडीइतकेच दूर असावे, म्हणजे कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा आवाज येतो. आवाज फटफट आला की चुकले समजावे. हात पुढे सरकण्याचा वेग कमी-जास्त होतो. विजेचा प्रवाह रॉडच्या मानाने लावलेला नसतो. अडीच मिलिमीटरच्या रॉडला साधारण सत्तर ते नव्वद अँपिअर पुरतात. हे सगळे हाताला कळावे लागते, आणि हाताला कळायला एकच उपाय आहे. भंगारवाल्याकडून लोखंडी पट्टीचे तुकडे आणावेत, अडीच मिलिमीटरचे एक किलो रॉड आणावेत आणि ते सगळे जाळून टाकावेत. किलोत पन्नासच्या आसपास रॉड बसतात. पन्नास रॉड लक्ष देऊन जाळले की हाताला जे येते ते कोणत्याही खोक्यात घरपोच मिळत नाही.

पण असे होत नाही. वेल्ड वेडेवाकडे आले की मन म्हणते, क्लॅम्प बरोबर नव्हता. क्लॅम्प मागवला की काही काळ शिकल्यासारखे वाटते, आणि शिकण्याचे कष्ट टळतात. हा सगळा खेळ इथेच आहे.

तथागतांच्या संघातही हा खेळ झाला होता, हे आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. भिक्खूच्या मालकीच्या आठ वस्तू आपण जाणतो. तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. या आठांतली सुई आणि वस्तरा ही हत्यारेच आहेत. विनयपिटकात एक हकिकत आहे. शाक्यांच्या देशात, कपिलवस्तूला, हस्तिदंताचे काम करणाऱ्या एका कारागिराने भिक्खूंना सांगितले की, ज्यांना सुई ठेवायला घर हवे असेल त्यांना मी करून देईन. भिक्खू मागू लागले. ज्यांच्याकडे लहान होते ते मोठे मागू लागले, ज्यांच्याकडे मोठे होते ते लहान मागू लागले. घरे करता करता त्या बिचाऱ्याला विकायचा दुसरा माल करायला वेळ उरेना. त्याची बायकामुले हालात पडली, लोक नावे ठेवू लागले. तेव्हा भगवंतांनी नियम केला की, हाडाचे, दंताचे किंवा शिंगाचे सुईचे घर कोणी करून घेतले तर ते मोडून टाकावे आणि त्या भिक्खूने आपला दोष कबूल करावा.

सुई मोडायला सांगितलेली नाही, हे नीट पाहावे. सुई कामाची आहे, चीवर फाटले की शिवायलाच हवे. सुईच्या नादाने जी घरे गोळा झाली त्यांचा प्रश्न होता. पात्राविषयीही असाच नियम आहे. जास्तीचे पात्र दहा दिवसांपलीकडे ठेवू नये आणि जुन्या पात्राला पाच सांधे पडल्याशिवाय नवे मागू नये. ते पात्र मातीचे किंवा लोखंडाचे. लोखंडाला सांधा घालणाऱ्या आमच्या बंधूंना हा नियम अधिक जवळचा वाटावा.

कोणी म्हणेल, हे भिक्खूंचे झाले, आम्ही उपासक. म्हणणे बरोबर आहे. बुद्धाने गृहस्थाला दारिद्र्य शिकवलेले नाही. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग कामधंद्याला आणि चौथा अडचणीच्या दिवसासाठी शिल्लक. आमच्या मते बंधूंची लबाडी इथे आहे. हौसेची हत्यारे पहिल्या भागातून घ्यायची, तर तिथे मुलांच्या सहली असतात, पत्नीची साडी असते, वर्षावासातले दान असते. त्या सगळ्यांच्या रांगेत उभे राहावे लागते. म्हणून बंधू म्हणतात, 'अगं, हे धंद्यासाठी आहे. उद्या ग्रिलचे काम सुरू करणार आहे.' असे म्हटले की हत्यार दुसऱ्या-तिसऱ्या भागात जाऊन बसते आणि घरातल्या बाईचे तोंड बंद होते. खरोखर धंदा करणारा असेल तर आमचा त्याला आनंदच आहे. पण वर्ष उलटले आणि एकही ग्रिल गेले नाही, तर त्या हत्यारांची गणना पहिल्या भागातच करावी आणि पत्नीसमोर बसून करावी.

दुसरी एक सबब आम्ही ऐकली आहे, ती जास्त चलाख आहे. 'बाबासाहेबांनी नाही का ऐपतीबाहेर पुस्तके घेतली?' घेतली. न्यूयॉर्कला पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ जमवले आणि १९१७ साली त्यांतले पुष्कळसे बोट बुडाल्याने समुद्राच्या तळाशी गेले. पुढे दादरला राजगृह बांधले तेही ग्रंथांना जागा हवी म्हणून. पण ते ग्रंथ वाचले गेले, त्यांवर खुणा झाल्या, त्यांतून निबंध, भाषणे आणि शेवटी संविधानाच्या मसुद्यावरची चर्चा उभी राहिली. ज्या बंधूंचे बारा क्लॅम्प रोज लोखंडाला लागत असतील त्यांनी बाबासाहेबांचे नाव अवश्य घ्यावे.

मग घ्यावे काय? आमचे मत असे की, जी वस्तू शरीर वाचवते ती आधी आणि चांगली घ्यावी. हौशी माणूस नेमका इथेच हात आखडतो. दहा-अकरा नंबरची काच असलेला मुखवटा, चामड्याचे लांब हातमोजे, सुती जाड कपडे आणि बंद बूट. टेरिलीन-नायलॉन नको, ठिणगीने वितळून कातडीला चिकटते. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला तर त्या वेळी काही होत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे टोचते, पाणी वाहते, झोप येत नाही. आणि हे गॅलरीत उभ्या असलेल्या शेजारच्या मुलालाही होते. म्हणून चाळीच्या गॅलरीत हा उद्योग करूच नये. मोकळ्या जागेत, आडोसा लावून करावा. स्वयंपाकघराजवळ तर नाहीच, तिथे गॅसचा सिलिंडर असतो. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तसाच जोडला तर त्याच्या पांढऱ्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जुन्या घरातल्या साध्या प्लगवर यंत्र लावू नये आणि जोडवायर वेटोळे करून ठेवू नये, ती तापते. हे सांभाळल्यावर मळी झाडायची टोकदार हातोडी, तारेचा ब्रश, चार क्लॅम्प, एक साधा गुण्या, कानस, हॅक्सॉ आणि एक ग्राइंडर एवढ्यावर घरातली बहुतेक कामे होतात. ग्राइंडरची चक्ती मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. तिच्यावरचे पत्र्याचे कवच आड येते म्हणून काढून टाकणारे वीर आहेत. त्यांनी तसे करू नये.

उरलेल्या हत्यारांसाठी वर्कशॉपातल्या जुन्या माणसांना विचारावे. तिथे हत्यारखान्याच्या खिडकीशी कामगार आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला देतो आणि हवे ते हत्यार घेतो. बिल्ला खुंटीला टांगला जातो. हत्यार परत केले की बिल्ला परत. जितके बिल्ले खिशात, तितकीच हत्यारे हातात, त्यामुळे कितीही सोस असला तरी तो खिडकीशीच थांबतो. आमच्या पुष्कळ विहारांत पुस्तकांचे कपाट आहे, त्याची चावी कोणाकडे तरी असते. त्याच्या शेजारी हत्यारांचे दुसरे कपाट का नसावे? माळ्यावरचे जास्तीचे क्लॅम्प, दुसरा ग्राइंडर, चुंबकी गुण्यांचा संच आणि खोक्यातून न काढलेला ड्रिल तिथे आणून ठेवावा. एका वहीत नोंद असावी, खुंटीला बिल्ले असावेत. वस्तीतल्या आयटीआयच्या मुलामुलींना पहिला हक्क असावा. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असतो आणि बाहेर पडल्यावर स्वतःचे काही घ्यायला त्यांच्याकडे पैसा नसतो. यंत्र नेणाऱ्याला मुखवटा आणि हातमोजे त्याबरोबरच द्यावेत, नुसते यंत्र देऊ नये. रॉड आणि चक्त्या मात्र ज्याच्या त्याने आणाव्यात. कपाटात जुन्या चक्त्या सापडल्या तर त्यांवर छापलेली मुदत पाहावी आणि ती उलटून गेली असेल तर त्या तोडून टाकाव्यात, म्हणजे कोणी चुकून लावणार नाही.