सवय झाली, म्हणे!

"काही होत नाही भाऊ, सवय झाली!"

जळगाव असो की धुळे, गाडीच्या डिकीत फायबरचा स्पीकर बॉक्स बसवणाऱ्या पोराला 'मास्क कुठे आहे रे?' असं विचारून बघा. हेच उत्तर येतं. शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक (बऱ्याचदा आपलाच कुणी मामेभाऊ!) हसून मान डोलावतं. माझं भांडण या उत्तराशी आहे, आणि त्या मान डोलावण्याशी तर जास्तच.

सवय होते ती फक्त नाकाला. रेझिनचा तो उग्र वास स्टायरीनचा. थोड्या वेळाने नाकाला तो जाणवेनासा होतो, वाफ मात्र आत जातच राहते. डोकं जड होणं, गरगरणं, डोळे चुरचुरणं ही तिचीच करणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. नाकाला सवय झाली, फुफ्फुसांना कुणी विचारलं?

तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं मानणारेही आहेत. अहो, रुमालातून वाफ आरपार जाते. साध्या धुळीच्या मास्कमधूनही जाते. तिला अडवायला कोळशाची डबी लावलेला मास्कच लागतो. बॉक्स घासताना उडणाऱ्या काचेच्या धुळीसाठी धुळीचा फिल्टर, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. पाणी मारून घासलं तर धूळ कमी उडते.

आणि हार्डनर! एक थेंब डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचं खराब होऊ शकतं. गेलाच तर निदान १५ मिनिटं पाण्याने धुवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. कोबाल्ट आणि हार्डनर तर कधीच थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचं, मग हार्डनर.

त्यात आपला खानदेशी मे महिना. स्टायरीनची वाफ साधारण ३१ अंशांपासूनच ठिणगीने पेट घेऊ शकते. आपल्याकडे तेव्हा पारा ४२-४४ वर असतो, आणि शेजारी ग्राइंडर किंवा पेटती बिडी! नेमकी तेव्हाच लग्नसराई. हळदीच्या आत गाडी वाजलीच पाहिजे म्हणून गिऱ्हाईक डोक्यावर बसतं. मग पोरगा लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवतो. खरं तर १०० भाग रेझिनला १-२ भाग पुरतो, उन्हाळ्यात कमीच लागतो. जास्त झाला की डबा तापतो, धूर काढतो.

म्हणून मी त्या पोरांना दोष देत नाही. चार पोरांच्या गॅरेजात तपासायला कोण येणार? तिथे रोज जाणारे आपणच. वूफरसाठी हजारो रुपये मोजणारे आपण बॉक्सच्या मजुरीत मात्र शे-दोनशेची घासाघीस करतो. तो मास्क आणि तो जास्तीचा एक दिवस याच घासाघिशीत कापला जातो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी बॉक्स करायला टाकाल तेव्हा आधी मास्क बघा. नसेल तर त्याचे पैसे द्या. काम शटर उघडं ठेवून, वारा खेळेल अशा जागी करायला सांगा, आणि एक दिवस जास्त द्या. गाडी दोन दिवस मुकी राहिली म्हणून कुणाचं लग्न मोडत नाही!