‘पहिला नंबर, गॅरंटी!’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका



वेबसाइट सुरू झाली की लवकरच फोन येतो, ‘सर, महिन्याभरात गुगलवर पहिला नंबर, गॅरंटी!’ माझं स्पष्ट मत आहे, अशा माणसाला एक रुपयाही देऊ नका. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच लिहून ठेवलंय.

मग हे लोक करतात काय? लिंक्स विकत घेतात, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवतात, तोच मजकूर गावाचं नाव बदलून पन्नास पानांवर टाकतात. गुगलच्या नियमांत हे सगळं स्पॅम आहे. फक्त सर्च इंजिनला दाखवायला पानं बनवली म्हणून २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गुगलने काढून टाकली होती. ती मोठी कंपनी, काही दिवसांत परत आली. तुमचं काय? पैसे घेणारा तोवर फोन उचलत नसतो, आणि डोमेन तर तुमच्या नावावर असतं!

मसाले विकता ना? मग ‘बेस्ट मसाला, स्वस्त मसाला’ वीस वेळा लिहू नका. वजन, भाव, तिखटपणा, किती दिवस टिकतो, कुठे पोचवता, हे लिहा. प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक द्या. साइट मोबाइलवर नीट उघडते का बघा. सर्च कन्सोल फुकट आहे, ते स्वतःच्याच नावाने उघडा. गुगलने कारवाई केली तर तिथे कळतं.

वेळ लागेल, कदाचित काही महिने. पण दुकानाची पत तरी एका दिवसात कुठे बनते?