तोंड आलंय म्हणे!

"तोंड आलंय" असे आपण म्हणतो. पाहुण्यासारखे ते येते आणि चार दिवस राहून जाते, असा आपला समज. नाहीच गेले, तर "उष्णता झाली". मग धन्याचे पाणी, गुलकंद, औषधाच्या दुकानातून आणलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या... माझ्या मावसभावाने हे सगळे तीन महिने केले.

दादा भेलच्या नोकरीसाठी फोंड्याहून भोपाळला गेला आणि तिथलाच झाला. निवृत्तीनंतर साकेत नगरात राहतो. एम्स घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. तरी तीन महिने! मी तिकडे गेले तेव्हा तो जेवताना बारीक घास करून आत ढकलत होता. "हल्ली यांना तिखट सोसत नाही," वहिनी म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी त्याला ओढूनच नेला.

तरुण डॉक्टर म्हणाला, तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घाला. दादाची दोनच गेली. गाल आतून पांढरट, ताठरलेला. जिभेच्या कडेला जखम.

"तंबाकू?"

"छे, जनम में नहीं. सिर्फ सुपारी."

माझे भांडण या "सिर्फ"शी आहे. गुटखा म्हणजे ट्रकवाल्यांचा, मजुरांचा, "बाहेरच्यांचा", आणि आपला तो तांबूल! गोव्याने २००५ साली कायदा करून गुटख्यावर बंदी घातली, मध्य प्रदेशाने २०१२ साली. आपण माना डोलावल्या, कारण बंदी दुसऱ्याच्या व्यसनावर होती. पण तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सांगून टाकले. सुपारीनेच गाल आतून ताठ होतात आणि तोंड उघडेनासे होते. आमच्या कुळागरांचा मला अभिमान आहे. लग्नाची सुपारी फोडा, देवापुढे विडा ठेवा. देवाला कर्करोग होत नाही. (हे वाचून कोणी रागावलेच तर रागावो.)

आणि ही लक्षणे काही गूढ नाहीत. दोन आठवड्यांत न भरणारी जखम. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, आणि लाल असेल तर जास्तच वाईट. तिखटाने होणारी आग, कारण नसता हलू लागलेला दात, काल बसत होती ती कवळी आज न बसणे, मानेतली गाठ. सुरुवातीला यातले बरेचसे दुखतही नाही. "दुखत नाही ना, मग काही नाही" हे आपले आणखी एक लाडके शहाणपण! पोटातला रोग दिसत नाही म्हणून उशीर झाला, हे समजू शकते. इथे एक आरसा आणि एक टॉर्च पुरते, आणि वेळीच सापडला तर बहुतेक जण वाचतात. तरी आपल्याकडचे रुग्ण येतात ते उशिराच.

शरद पवारांच्या तोंडाच्या कर्करोगावर २००४ साली शस्त्रक्रिया झाली. ते वाचले, आणि आपली चूक जाहीरपणे सांगत आले. आर. आर. पाटील २०१५ मध्ये याच रोगाने गेले. राज्याचे गृहमंत्रिपद भूषवलेला माणूस. त्यांना काय डॉक्टर मिळाले नसते? आपण दोन दिवस हळहळलो, आणि जेवणानंतर तबक पुढे ओढले. मीसुद्धा.

दादाचा अहवाल आला आहे. जिभेचा काही भाग काढावा लागेल. घरातल्या प्रत्येक लग्नात रात्र रात्र गोष्टी सांगून हसवणारा माणूस तो.

परतल्यावर टॉर्च घेऊन आईसमोर बसले. "मला मेलीला काय होतंय या वयात," म्हणत तिने कवळी काढली. डाव्या गालात, जिथे ती विडा धरते तिथेच, एक पांढरा चट्टा आहे. पुसला, जात नाही. दुखतो का विचारले, तर म्हणाली नाही.

सोमवारी तिला बांबोळीच्या दंत महाविद्यालयात घेऊन जाते आहे.