पीत नाही, म्हणून मागास?

माटुंगा रोडला स्लो लोकल पकडली की दादर, प्रभादेवी आणि मग लोअर परळ. तीन स्टेशनं. आपल्यातल्या अनेकांची ऑफिसं तिथेच आहेत, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींमध्ये. एकेकाळी याच भागातल्या मागांवर मदनपुऱ्याचे मोमीन विणकर राबले. क्राफ्ट बिअर पुण्यात २००९ मध्ये दूलालीनं आणली आणि मुंबईतलं पहिलं ब्रूपब, ‘द बार्किंग डिअर’, २०१३ मध्ये इथेच मथुरादास मिलच्या आवारात उघडलं. आता ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतो: शुक्रवारी संध्याकाळी टेस्टिंग आणि ब्रूइंगचं प्रात्यक्षिक, सगळ्यांनी यायचं, टीम बॉन्डिंग आहे.

पिणाऱ्यांशी माझं भांडण नाही. सज्ञान माणसानं कायद्यात राहून काय प्यावं हे त्याचं तो पाहील. माझं भांडण एका गृहीताशी आहे: या टेबलावर बसतो तो मोकळ्या मनाचा आणि जो बसत नाही तो कट्टर. हे गृहीत आपणही मुकाट्यानं मान्य करून बसलोय, म्हणून हा लेख.

पहिला युक्तिवाद असा असतो, ‘अरे, ही दारू नाही, क्राफ्ट आहे. फक्त चाखायची.’ ठीक आहे, हिशोब करू. शंभर मिलिलिटरचे पाच छोटे ग्लास म्हणजे अर्धा लिटर. सरासरी ६ टक्के धरली तर ३० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या एका पाइंटमध्ये साडेसोळा असतं. म्हणजे ‘फक्त चाखलं’ म्हणणारा जवळजवळ दोन पाइंट पिऊन उठतो. अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्य १९८८ पासून आहे. ग्लासचा आकार आणि लेबलवरचं चित्र बदललं म्हणून यकृत फसत नाही.

दुसरा युक्तिवाद विज्ञानाचा. बिअर बनवणं ही सुंदर प्रक्रिया आहे, हे मला इंजिनिअर म्हणून मान्य आहे. मोड आणून वाळवलेलं सातू भरडायचं, साधारण ६५ अंशांच्या पाण्यात भिजवून त्यातल्या स्टार्चची साखर करायची, हॉप्स घालून उकळायचं, थंड करून यीस्ट सोडायचं. पण हे विज्ञान समजायला ग्लास रिकामा करावा लागत नाही. त्याच यीस्टनं पाव फुगतो. त्याच जातीच्या यीस्टचा वापर करून मधुमेह्यांसाठी इन्सुलिन बनवतात. माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत रोज पहाटे आंबलेलं पीठ इडलीपात्रात जातं, तेही किण्वनच. किण्वनाचा अभ्यास जरूर करा, त्यात करिअर करा. ग्लास नाकारला म्हणजे विज्ञान नाकारलं, असं कुणी सुचवलं तर त्याला हसून उत्तर द्या.

आता या ‘संस्कृती’चा दुटप्पीपणा पाहा. १९७०च्या दशकात माटुंगा, धारावी, अँटॉप हिलच्या पट्ट्यात वरदराजन मुदलियारचं हातभट्टीचं साम्राज्य होतं. हातभट्टीची सुरुवातही साखर आणि यीस्टनंच होते. पुढे ऊर्ध्वपातन करून ती कडक करतात. पण ती झोपडीत बनते म्हणून तिथे छापा पडतो. कंजारभाटांसारख्या जमातींच्या कपाळी तर इंग्रजांनी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का अजून पुसला गेलेला नाही. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हाच आहे. तरी सोसायटीच्या फ्लॅटमध्ये स्टीलच्या भांड्यात बनवली की तो ‘छंद’ होतो. जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूनं शंभरावर माणसं मेली. ती हातावर पोट असलेली माणसं होती. त्यांच्या पिण्याला कुणी संस्कृती म्हटलं नाही.

सरकारचंही तेच. संविधानाचं ४७वं कलम राज्याला दारूबंदीच्या दिशेनं प्रयत्न करायला सांगतं. आपल्या कायद्याच्या नावातच दारूबंदी आहे आणि प्यायला परवाना लागतो. याच राज्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये बिअरपासून मिळणारा महसूल कसा वाढेल हे पाहायला अभ्यासगट नेमला गेला.

आणि अल्पसंख्य कोण, तेही तपासू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार देशात १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू पितात. स्त्रियांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे न पिणारेच बहुसंख्य, आणि त्यांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. गडचिरोलीत लोकांनी चळवळ करून १९९३ पासून जिल्हा दारूमुक्त ठेवला. महाराष्ट्राच्या कितीतरी गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली. ‘हा मुसलमानांचा धार्मिक हट्ट’ म्हणणाऱ्याला हा इतिहास ऐकवा.

तिसरा युक्तिवाद सर्वांत गोड: ‘तू नुसता ये ना, कोक घे.’ मी अशा टेबलांवर बसलोय. तिथे नुसत्या गप्पा होत नाहीत. नवं प्रोजेक्ट कुणाला, ऑनसाइट कोण जाणार, कोणाचं मॅनेजरशी जमतं, हे तिसऱ्या ग्लासच्या आसपास ठरतं. सोमवारी मीटिंगमध्ये फक्त शिक्कामोर्तब होतं. यात मुसलमान मुलगा सुटतो, तशी कल्याणची शेवटची बरी लोकल पकडायची असलेली मुलगी सुटते, घरात दारूनं बाप गमावलेला सहकारी सुटतो. हा भेदभाव कुणी ठरवून करत नाही, म्हणून तो कुणाला दिसतही नाही. दाखवून देणं आपलं काम.

पण आपण काय करतो? ‘अम्मीची तब्येत बरी नाही’ अशी थाप मारतो. किंवा कोकचा ग्लास असा धरतो की समोरच्याला त्यात रम आहे असं वाटावं. हलाल पेयाची लाज वाटावी, इतके आपण वाकलोय. आणि दुसऱ्या टोकाला आपल्यातलेच काही जण पबबाहेर कोण दिसला याचे फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकतात. दुसऱ्याच्या पाळतीवर राहणं, तजस्सुस, कुरआननं मना केलंय, हे त्यांना कुणी सांगायचं? जो पितो तोही आपला भाऊच आहे. त्याला व्यसन जडलं तर उपचार लागतील, बदनामी नव्हे. सूरह बकराच्या २१९व्या आयतीत मद्यात काही फायदे असल्याचंही मान्य केलंय आणि नुकसान फायद्याहून मोठं असल्याचं सांगितलंय. समोरच्याचं म्हणणं ऐकून मग वजन करायचं, ही वादाची रीत आपल्याला तिथेच शिकता येते.

तेव्हा दोस्तहो, करायचं ते असं. पुढचं निमंत्रण आलं की खरं कारण सांगा: मी पीत नाही. माफी मागू नका, प्रवचनही देऊ नका. मग एचआरला लेखी विचारा की कंपनीच्या पैशानं होणारा कार्यक्रम कामाच्या वेळेत आणि सगळ्यांना चालेल अशा जागी का होऊ नये. पत्रावर एकट्याची सही नको. न पिणारे हिंदू, जैन, बौद्ध सहकारी आणि लवकर घरी जाणाऱ्या मैत्रिणी यांना सोबत घ्या. त्या बहुधा वाटच पाहत असतील. कामाचं वाटप बारमध्ये होणार नाही, एवढी हमी मागा.

आणि पर्याय आपणच द्या. रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग माटुंगा स्टेशनसमोर १९४२ पासून केळीच्या पानावर जेवण वाढतंय. सगळ्या जातीधर्मांची माणसं तिथे मांडीला मांडी लावून बसतात. दुपारी अख्खी टीम तिथे घेऊन जा. नंतर फिल्टर कॉफी घ्या, फाइव्ह गार्डन्सला एक फेरी मारा आणि नव्या प्रोजेक्टचं बोलणं तिथेच काढा, सगळे शुद्धीत आणि सगळे हजर असताना.