संकेतस्थळावरचे गाव आणि चावडीवरचे गाव

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी कोल्हापूर-सांगलीच्या सीमेवरील वारणा खोऱ्यात सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. बाजारभाव, सरकारी योजना, नाना प्रकारची माहिती गावातच मिळावी, ही त्यामागील कल्पना होती. पुढे अभ्यासकांना आढळले ते असे, की शेतकरी केंद्रावर येई तो मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि खताचा हिशेब पाहण्यासाठी. २००६ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी मोबाइलवरील लघुसंदेश वापरून पाहिले, तेव्हा तेच काम कमी खर्चात झाले. यंत्र बदलले, स्वतःच्या हिशेबाची ओढ तीच राहिली.

हा बोध आपण घेतला पाहिजे. २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार होते व वाशीम त्यांपैकी एक. आरोग्य, शिक्षण, शेती व पाणी, वित्त व कौशल्य आणि मूलभूत सोयी यांचे ४९ निर्देशांक ठरले. त्यांवरील प्रगती संकेतस्थळावर दिसू लागली. अशा स्पर्धेने प्रशासन हलते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तो आकडा जिल्ह्याचा असतो. मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्यावरील मातेला आपल्या अंगणवाडीची अवस्था त्यातून कळत नाही.

२०२० साली सुरू झालेले ‘ई-ग्रामस्वराज’ त्या दृष्टीने अधिक मोलाचे होय. ग्रामपंचायतीचा आराखडा व खर्च तेथे कोणालाही पाहता येतो. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना मी आपापल्या गावाचे पान काढावयास सांगतो. ‘सर, ही नाली आमच्या गल्लीत नेमकी कोठे आहे?’ असे एका विद्यार्थिनीने विचारले. उत्तर ना माझ्यापाशी होते, ना संकेतस्थळापाशी. ते ग्रामसभेतच मिळू शकते.

कायद्याने ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे. तिच्यापूर्वी आठवडाभर गावातील शिक्षकांनी व महाविद्यालयीन मुलांनी ते पान छापून चावडीवर लावावे आणि सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. ज्याच्या हाती मोबाइल नाही, ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही मग प्रश्न विचारता येईल. खर्च आहे तो कागदाचा आणि थोड्या धैर्याचा. गावाचे पुनरुज्जीवन संकेतस्थळ करीत नाही. त्यावरील आकड्याला जाब विचारणारे गावकरी करतात.