सांडपाण्याचा हिशेब

‘सांडपाणी’ या शब्दातच एक सुटकेचा भाव आहे. सांडले, संपले. लहानपणी आमच्या मोरीचे पाणी परसातल्या अळूला आणि केळीला जात असे. आज दिल्लीत चौथ्या मजल्यावर राहताना ते कोठे जाते, हे मला कार्यालयातील फायलींवरूनच कळते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते. शुद्धीकरण केंद्रांची उभारलेली क्षमता ३१,८४१. प्रत्यक्ष शुद्ध होणारे पाणी २०,२३६. पहिल्या दोन आकड्यांतील तफावत दाखवून नव्या केंद्रांसाठी निधी मागितला जातो. मला अधिक बोचते ती पुढची तफावत. जे बांधले, तेही पुरते वापरात नाही.

कारण गूढ नाही. बांधकामाला अनुदान मिळते, कोनशिला बसते. वीज, कर्मचारी आणि गाळ उपसणे मात्र पालिकेच्या गळ्यात पडते. उत्तरेतील एका शहरात पाहणीला गेलो असता टाक्यांतून पाणी छान खळखळत होते. चष्मा विसरला म्हणून तासाभराने परतलो, तर यंत्रे बंद आणि पाणी बाजूच्या नाल्याने थेट नदीकडे. अभियंत्याने निमूटपणे विजेचे थकलेले बिल पुढे ठेवले. त्याच्याविरुद्ध शेरा लिहिणे मला जमले नाही.

लोक पैसे देत नाहीत, हे आमचे ठरलेले उत्तर. चेन्नईलगतच्या आलंदूर नगरपालिकेने (२०११ मध्ये ती चेन्नई महापालिकेत विलीन झाली) नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भुयारी गटारांसाठी घरटी ५,००० रुपयांची ठेव मागितली, आणि रहिवासी संघांच्या मदतीने ती जमवली. ठेव भरलेला माणूस जोडणी कधी मिळणार, हे विचारतोच. झोपडीतल्या कुटुंबाला ही रक्कम झेपणार नाही, हे खरे. तेथे अनुदान जरूर द्यावे. पण ते माझ्यासारख्याला कशासाठी?

‘नमामि गंगे’त बांधकाम खर्चाचा ४० टक्के हिस्सा उभारणीच्या काळात आणि ६० टक्के पुढील १५ वर्षांत, केंद्राच्या कामगिरीशी जोडून, देण्याची पद्धत आली. माझ्या मते सर्वच अनुदान क्षमतेवर न देता शुद्ध झालेल्या लिटरवर द्यावे.

गेल्या महिन्यात एका शहराचा नव्या केंद्राचा प्रस्ताव टेबलावर आला. जुन्या केंद्राची तीन वर्षांची वीजबिले मी मागवली आहेत. ती अद्याप आलेली नाहीत.