‘घरबसल्या नर्सिंग’ची जाहिरात आणि अ‍ॅम्ब्युलन्सवरची आपली मुलं

बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात हमखास फिरते. ‘घरबसल्या नर्सिंग करा. कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या. दवाखान्यात काम करत असाल तर अनुभव धरला जाईल.’ खाली एक मोबाईल नंबर, आणि फी हप्त्याने. आम्हा शिक्षकांकडे पालक ही जाहिरात घेऊन येतात तेव्हा त्यांचा सवाल एकच असतो: सर्टिफिकेट खरं आहे का? कागद कदाचित खराही असेल, पण त्या कागदावर मुलाची किंवा मुलीची नर्स म्हणून नोंदणी होणार का, हे विचारायला हवं. तेच विचारायचं राहून जातं.

कायद्याचं आधी सांगून टाकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन ज्या शाखा शिकवता येत नाहीत त्यात वैद्यक, फार्मसी, फिजिओथेरपी यांच्यासोबत नर्सिंगही आहे. पॅरामेडिकलसुद्धा आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगाने हा फास आणखी आवळला. मानसशास्त्र, पोषण आणि आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे आरोग्याशी निगडित विषयही दूरशिक्षणातून बंद केले. म्हणजे नर्स व्हायचं तर एएनएमची दोन वर्षं, जीएनएमची तीन वर्षं किंवा बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षं, हे सगळं मान्यताप्राप्त संस्थेत हजर राहूनच. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी. ती नसेल तर सरकारी भरतीत अधिपरिचारिकेचा फॉर्मही भरता येत नाही.

याला एकच मोठा अपवाद आहे, आणि जाहिरातवाले नेमका तोच वाकवून सांगतात. इग्नूचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग हा कोर्स दूरशिक्षणातून चालतो. पण तो कोणासाठी? जी बाई किंवा माणूस आधीच जीएनएम आहे, नोंदणीकृत आहे, नोकरीत आहे आणि नोंदणीनंतर किमान दोन वर्षं काम केलेलं आहे, त्यांच्यासाठी. तिथेही प्रवेश परीक्षा आहे आणि हॉस्पिटलमधलं प्रात्यक्षिक आहे. नर्सला पदवी मिळावी म्हणून तो कोर्स आहे. जो नर्स नाही त्याला नर्स करण्याची सोय त्यात नाही.

मग ‘अनुभव धरला जाईल’ ही कल्पना आली कुठून? ती हवेतली नाही. अमेरिकेत अशी वाट खरोखर आहे, आणि ती समजून घेतली तर आपल्याकडच्या फसवणुकीचाही उलगडा होतो.

तिथे पॅरामेडिक म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवर स्ट्रेचर उचलणारा माणूस नव्हे. हजाराहून जास्त तासांचं प्रशिक्षण झालेला, ईसीजी वाचणारा, श्वासनलिकेत नळी घालणारा, शिरेतून औषध देणारा परवानाधारक असतो तो. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने १९७१ मध्ये बाहेरून पदवी देणारा एक कार्यक्रम सुरू केला. पुढे त्याचं एक्सेलसिअर कॉलेज झालं, आणि २०२२ पासून ते विद्यापीठ म्हणवतं. नर्सिंगसाठी त्यांनी कोऱ्या पाटीच्या मुलांना घेतलंच नाही. परवानाधारक सहायक नर्स, लष्करातले वैद्यकीय सहायक आणि पॅरामेडिक अशा हातात कसब असलेल्यांनाच घेतलं. ड्यूटी सांभाळून घरी अभ्यास करायचा, एकेका विषयाची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. आणि शेवटी कितीतरी वर्षं एक जीवघेणी पायरी होती. आठवड्याअखेरचे दोन-अडीच दिवस प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये, खऱ्या रुग्णांजवळ, मोठ्यांच्याही आणि लहान मुलांच्याही, परीक्षक शेजारी उभा. निर्जंतुकतेचा एक नियम मोडला तरी तो रुग्ण हातचा गेला. भलेभले त्यात नापास होत, आणि फीसुद्धा हजार डॉलरच्या वर. हे पार केलं की मग देशभराची एनक्लेक्स ही परवाना परीक्षा.

पॅरामेडिकला हा अभ्यास का जड जातो, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. त्याला विषय येत नाही असं नसतं. उलट त्याचा अनुभवच आडवा येतो. अ‍ॅम्ब्युलन्सवर त्याच्या हातात वीस-तीस मिनिटं असतात. श्वास, रक्तस्राव, हृदयाचे ठोके, आणि पळा. ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे तो स्वतः पाऊल उचलतो. नर्सिंगच्या पेपरात तोच रुग्ण सहाव्या दिवशी वॉर्डात पडलेला असतो. पाठीला जखम होऊ नये म्हणून काय कराल? साखरेच्या रुग्णाला घरी सोडताना काय समजावाल? बाळंतिणीचा पहिला दिवस, मनोरुग्णाशी बोलणं, चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जाल? तिथे आधी पाहणी, मग नोंद, मग डॉक्टरला कळवणं, असा क्रम असतो. पॅरामेडिकचा हात आधी उपचाराकडे जातो, आणि उत्तर चुकतं. वेग विसरून रुग्णाजवळ थांबायला शिकणं, हा त्याचा खरा अभ्यास. हे पुस्तकातून थोडं येतं, बाकीचं वॉर्डातच येतं.

म्हणूनच अमेरिकेतही सगळ्यांनी ही वाट मान्य केली नाही. ६ डिसेंबर २००३ पासून पुढे प्रवेश घेतलेल्या एक्सेलसिअरच्या विद्यार्थ्यांना कॅलिफोर्नियाच्या नर्सिंग मंडळाने नोंदणी नाकारली. कारण साधं होतं: देखरेखीखालचे प्रात्यक्षिकाचे तास कुठे आहेत? एकाच देशात, एकच पदवी, एका राज्यात चालते आणि दुसऱ्यात नाही. ज्यांनी आधी चौकशी केली नाही त्यांना पदवी हातात असून राज्य बदलता आलं नाही.

‘परीक्षा पास झाला म्हणजे नर्स झाला’ या समजाला जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात मोठा तडा गेला. तीन नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून जास्त खोट्या पदविका विकल्या गेल्याचं अमेरिकी तपास यंत्रणांनी उघड केलं. हादरवणारी गोष्ट पुढे आहे. त्यातले सुमारे २,४०० जण एनक्लेक्स पास झाले होते! वॉर्डात प्रशिक्षण न घेता, नुसता अभ्यास करून. म्हणजे लेखी परीक्षा ही चाळणी आहे, प्रशिक्षणाची जागा ती घेऊ शकत नाही. एक्सेलसिअरची वाट आणि हा घोटाळा एका तागडीत तोलणं मात्र अन्यायाचं होईल. तिथे कसब आधी तपासलं जायचं आणि नंतर रुग्णाजवळ उभं करून पुन्हा तपासलं जायचं.

आपल्याकडे वेगळं काय चाललंय? मध्य प्रदेशात कागदावरच्या नर्सिंग कॉलेजांची चौकशी हायकोर्टाने सीबीआयकडे दिली, आणि मे २०२४ मध्ये त्याच चौकशीतले सीबीआयचे अधिकारी कॉलेजांना चांगला अहवाल देण्यासाठी लाच घेताना पकडले गेले. इतकी मागणी आहे या कागदाला. ‘नाव परराज्यातल्या कॉलेजात राहील, मुलगा इथेच राहील, हजेरी आम्ही बघू’ ही ऑफर त्याच माळेतली. ती दूरशिक्षणापेक्षा वाईट, कारण त्यात मुलगा स्वतः खोट्या हजेरीचा भागीदार होतो.

आपल्या समाजात या जाहिरातीला दोन प्रकारची मुलं भुलतात. एक, ज्या मुलींना हॉस्टेलवर पाठवायला घर तयार नसतं. बाहेरगाव, नाइट ड्यूटी, पुरुष वॉर्ड, लोक काय म्हणतील. या काळजीची मी चेष्टा करणार नाही, मुलीची काळजी सगळ्याच घरांत असते. पण हजरत रुफैदा अल-अस्लमिया (र.) यांचा तंबू मस्जिद-ए-नबवीच्या आवारात होता आणि खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (र.) तिथे ठेवले गेले होते, हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो. मग आपल्याच मुलीला वॉर्डात उभं राहू न देता नर्सचं सर्टिफिकेट मात्र हवं, हे कसं जमायचं? रोज घरी येता येईल असं जवळचं मान्यताप्राप्त जीएनएम कॉलेज शोधणं जास्त सरळ आहे. जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण हवेत. आर्ट्सची मुलगी म्हणून दार बंद, हा गैरसमज अजून किती घरांत आहे!

दुसरी, आधीच कामाला लागलेली मुलं. ट्रस्टच्या किंवा खासगी हॉस्पिटलच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर, ऑपरेशन थिएटरात, आयसीयूत. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेत गाडीवर डॉक्टर असतो, त्यामुळे पॅरामेडिकला सरकारी जागा आधीच कमी. पंचविशीतला मुलगा, घरात कमावणारा तोच, त्याला ‘तीन वर्षं काम सोडून पहिल्या वर्षापासून बस’ असं सांगणं सोपं नाही. आज त्याला दुसरा कायदेशीर मार्गही नाही. पॅरामेडिकल डिप्लोमाच्या जोरावर जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला बसता येत नाही. त्याचे पाच वर्षांचे हात कुठेच मोजले जात नाहीत. माझ्या मते फसवणुकीचं मूळ इथे आहे. सरकारने जे दार बांधलं नाही त्याचं चित्र एजंट भिंतीवर रंगवून विकतो.

हे दार बांधता येणार नाही असं नाही. आरोग्य केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हवे होते तेव्हा नोकरीतल्या नर्सेससाठी सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स उभा राहिलाच की, इग्नूनेही तो चालवला. २०२१ च्या कायद्याने आणीबाणीतल्या पॅरामेडिकला व्यावसायिक म्हणून ओळख दिली, २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवायफरीसाठी नवा कायदा आला. या दोन व्यवस्थांनी एकमेकांशी बोलायला हवं. थिअरी घरून, प्रात्यक्षिक ठरलेल्या हॉस्पिटलात, आधीचं कसब रुग्णाजवळ तपासून मगच सूट, आणि शेवटी राज्याची परीक्षा. आपल्या आमदार-खासदारांना निवेदनं देताना आपण हजार मागण्या करतो, त्यात ही एक घालायला हरकत नाही. मुस्लिम मुलांपुरती नाही, सगळ्यांच्याच उपयोगाची आहे.

तोवर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बघा. संस्थेचं नाव भारतीय नर्सिंग परिषदेच्या राज्यवार यादीत त्या वर्षासाठी आहे का. परीक्षा कोण घेणार: बी.एस्सी.साठी महाराष्ट्रात नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, एएनएम-जीएनएमसाठी राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. तिथून पास झालेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचं कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली की उठून या. ‘आमचं सर्टिफिकेट गल्फमध्ये चालतं’ असं कोणी म्हटलं तर कोकणातल्या कुठल्याही गल्फवाल्या नर्सला विचारा. सौदीत डेटाफ्लोवाले थेट कॉलेज आणि कौन्सिलकडून कागद पडताळून घेतात, नंतर प्रोमेट्रिकची परीक्षा असते. खोटा कागद तिथे सापडला तर नोकरी जातेच, पुढचा व्हिसाही अडतो.

मान्यता असलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि फी जड जात असेल तर महाडीबीटीवरच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज, दोन्हींची चौकशी करा. अर्जाला उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. तहसीलमधले दाखले निकालाआधीच काढून ठेवा, कारण जूनमध्ये तिथे रांग लागते.